कॉलेजच्या पहिल्या वर्षी गावाहून रोज अपडाऊन करू नका, असं माझं मत. पटत नसेल तर बोला.

होटगी रोडवाला (धागा सुरू करणारा)

बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की दरवर्षी नात्यागोत्यातली दोन-तीन पोरं आईबापासह आमच्याकडे येतात. कुठलं कॉलेज, कुठला विषय, कुठल्या सरांची ओळख, यावर तासभर खल होतो. राहणार कुठं विचारलं की बाप एका वाक्यात उरकतो, "राहायचं काय त्यात, अपडाऊन करंल की. एसटी दारावरनं जाती."

यंदा मेहुण्याचा मुलगा आहे. अक्कलकोट तालुक्यातलं गाव, बीएस्सी पहिलं वर्ष, कॉलेज सोलापुरात. मी म्हणालो, निदान पहिलं सत्र तरी शहरात खोली घेऊन राहू दे. मेहुणा रुसून बसलाय, म्हणून इथं मांडतो.

मी स्वतः तीन वर्षं अपडाऊन केलंय, तेव्हा हे ऐकीव नाही. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन असायचं, म्हणजे ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून द्रावण थेंबथेंब सोडून मोजायचं. तीन रीडिंगं घ्यायची, जुळणारं धरायचं. साडेचारची गाडी गाठायची म्हणून तिसरं रीडिंग मी कधी घेतलंच नाही. दुसऱ्याच्या आजूबाजूचा आकडा टाकायचो, ब्युरेट कशीबशी विसळायचो आणि स्टँडकडे पळत सुटायचो. जर्नलच्या पहिल्या चार पानांवर डब्यातल्या तेलाचा डाग होता, कारण डबा आणि जर्नल एकाच पिशवीत आणि पिशवी लोकांच्या पायात.

आता हिशेब. घरातून निघून वर्गात बसेपर्यंत दीड तास, परत दीड. शिकवण्याचे दिवस एका सत्रात 90 धरा, म्हणजे 270 तास गाडीत आणि फाट्यावर. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले 15 तास, म्हणजे चार क्रेडिटच्या थिअरी पेपरला 60. साडेचार पेपरांचा वेळ खांबाला धरून उभं राहण्यात जातो! शिवाय कॉलेज म्हणजे नुसते तास नव्हेत. तास संपल्यावर सरांना गाठून विचारायचं, ग्रंथालयात बसायचं, एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिराला जायचं. अपडाऊनवाल्याला यातलं काही मिळत नाही. त्याची दोस्ती वर्गातल्यांशी नसते, गाडीतल्यांशी असते.

दुसऱ्या वर्षी खुशाल करा अपडाऊन. पहिल्या वर्षी नको.


मोहोळची (तिसरं वर्ष, बीकॉम)

काका, राग मानू नका, पण हा सगळा हिशेब मुलाचा झाला. मी घरी "खोली घेते" म्हटलं असतं तर खोलीही गेली असती आणि कॉलेजही. आमच्या गल्लीतून अपडाऊन करणाऱ्या आम्ही सहाजणी. सहाही जणींना घरच्यांनी एकाच अटीवर पाठवलं, दिवे लागायच्या आत घरी. ती गाडी आहे म्हणून आम्ही पदवीपर्यंत आलो.

आणि वेळ वाया जातो हे कोणी सांगितलं? जागा मिळाली तर सकाळच्या गाडीत मी अकाउंट्सच्या नोंदी तोंडपाठ करते. नाही मिळाली तर मैत्रीण प्रश्न विचारते, मी उत्तर देते. कंडक्टरकाकांना एव्हाना डेबिट-क्रेडिट आमच्यापेक्षा चांगलं येत असेल.

नव्या मुलींसाठी कामाचं सांगते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून पुष्कळ जणी पासच काढत नाहीत. विद्यार्थी पासाला 66.67 टक्के सवलत आहे, म्हणजे भरायचा जेमतेम तिसरा हिस्सा. रोज जाणारीला पासच स्वस्त. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास तर मुलींना पदवीपर्यंत फुकट आहे, फक्त घर ते कॉलेज एवढ्याच अंतराचा. आमच्या मोहोळला स्टेशन आहे. अक्कलकोटवाल्यांचं अवघड, त्यांचं अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-बारा किलोमीटरवर.


बार्शीकडचा शेतकरी

धागा काढणाऱ्या साहेबांना एकच विचारतो, पैसे कोण देणार? कॉटचे, म्हणजे खोलीतल्या एका खाटेच्या भाड्याचे, महिन्याला दोन हजार, मेसचे तीन हजार, दहा महिने. 50 हजार झाले. त्यात चहा, झेरॉक्स, मोबाईलचं रिचार्ज धरलेलं नाही. सोयाबीनला काय भाव मिळतो ते तुम्हाला होटगी रोडवर बसून कळायचं नाही. पोरगं घरी असलं की सकाळी धारेला हात लावतं, रात्री मोटर चालू करतं. ते गेलं की मला गडी लावावा लागतो. तुमचे 270 तास दिसतात, आमचा हा खर्च दिसत नाही.


होटगी रोडवाला

पैशाचं मान्य. पण त्याला वाटा आहेत, आणि गावात त्या कोणी सांगत नाही. सरकारी वसतिगृहाचा अर्ज वेळेत करा. तिथं नंबर नाही लागला तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. बाहेर खोली करून राहणाऱ्यांसाठीच आहेत त्या. आर्थिकदृष्ट्या मागास असाल तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते बघा. निम्मे अर्ज तिथंच अडकतात.

आणि राहण्याची सोय झाल्याशिवाय खेड्यातलं पोर शिकत नाही, हे काही मी नव्यानं सांगत नाही. कर्मवीर भाऊरावांनी 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते कशासाठी?


भवानी पेठ

काका, तिथंच चुकताय. कर्मवीरांचं बोर्डिंग आणि तुमची कॉट बेसिसची खोली एका तागडीत घालू नका. तिथं पोरं स्वतः राबायची, वर लक्ष ठेवणारं माणूस होतं, सकाळी उठवणारं होतं. इथं घरमालक पहिल्या तारखेला तोंड दाखवतो, बस.


कॉटवरचा (आता नोकरीत)

भवानी पेठवाल्याला दुजोरा. मी पहिल्या वर्षी खोलीवर होतो. दहा बाय बारात चार कॉट, एक टेबल, त्या टेबलावर चौघांचे चार्जर. वडिलांना वाटलं पोरगं टेबलावर अभ्यास करतंय. का बे, त्या टेबलावर वर्षभरात एक वही उघडली नाही कुणी!

रात्री दोनपर्यंत मोबाईल, सकाळी उठायला दहा. नळाला पाणी रोज नाही. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी बॅरल भरायला एकानं थांबायचं, त्याचा पहिला तास गेला. बहुतेक वेळा तो एकजण मीच. पहिल्या सत्रात तीन विषय राहिले. वर्गात माझ्यापेक्षा जास्त हजेरी कुणाची होती? तुळजापूरहून रोज येणाऱ्या पोराची. त्याला पहाटे आई उठवायची. मला कोण उठवणार?

टायट्रेशनचं तिसरं रीडिंग म्हणाल तर ते खोलीवर राहणारेपण घेत नाहीत. आम्ही तर पहिलंसुद्धा शेजारच्याचं घेतलेलं.


होटगी रोडवाला

😀 हे मेहुण्याला दाखवू नका कोणी.


मोहोळची

स्क्रीनशॉट काढला काका.


निवृत्त (विज्ञान शाखेत शिकवलेलं)

दोन्ही बाजू वाचल्या. मी झुकतो धागाकर्त्याकडे, पण त्यांच्या कारणानं नव्हे. 270 तासांचा हिशेब फसवा आहे. ते तास वाचले म्हणून कोणी अभ्यासाला बसतं असं मी पाहिलं नाही. खरं नुकसान होतं ते दुपारच्या प्रॅक्टिकलचं.

अपडाऊनची मुलं वर्गात मला न विचारता ओळखू यायची. दाराजवळचा बाक, दप्तर मांडीवर, आणि शेवटच्या दहा मिनिटांत नजर माझ्याकडे नाही, घड्याळाकडे. बिचारी हुशार असायची. पण शंका विचारायची वेळ झाली की ती जिन्यात. वर्षाच्या शेवटी शिफारसपत्र मागायला येतात तेव्हा आम्हाला त्यांचं नाव आठवत नाही. ही चूक आमचीही आहे.

आता तर नव्या शैक्षणिक धोरणात वर्षभर काही ना काही चालू असतं. अंतर्गत चाचण्या आहेत, मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) आहे, वर सहशालेय उपक्रमांचे क्रेडिट. एनएसएस, खेळ, सांस्कृतिक यांतलं काहीतरी घ्यावंच लागतं, आणि ते सगळं तास संपल्यावर. पूर्वीसारखं वर्षभर गाडीत काढून मार्चमध्ये गाईड वाचून पास, हे आता जमत नाही. 75 टक्के हजेरीचा नियम पूर्वीपासून आहे, फक्त आता मोबाईलवर हजेरी घेतात म्हणून लपत नाही.

पण ज्याला अपडाऊन करावंच लागणार आहे त्याला "करू नको" हा सल्ला काय कामाचा? त्याला मी हे सांगेन. पहिल्याच आठवड्यात वेळापत्रक हातात पडलं की प्रॅक्टिकलच्या बॅचेस बघ. बहुतेक ठिकाणी बॅच आडनावाच्या किंवा रोल नंबरच्या क्रमानं पाडतात आणि पहिल्या पंधरवड्यात विभागप्रमुखांना भेटून बदलून मिळते, पुढं नाही. सकाळची बॅच माग. कारण लेखी दे, गाडीची वेळ लिही. इतक्या वर्षांत असा अर्ज घेऊन माझ्याकडे चार-पाचच मुलं आली आणि मी एकालाही नाही म्हटलं नाही. बाकीची नुसती पळत राहिली.


होटगी रोडवाला

सर, हे मला 30 वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर! आम्हाला बॅच बदलून मिळते हेच माहीत नव्हतं. साहेबांशी बोलायचं म्हणजे पोटात गोळा.


अशोक चौक

खोली की अपडाऊन एवढंच चाललंय. आम्ही शहरातलेच, आमचं काय? घर कॉलेजपासून पंधरा मिनिटांवर, पण खाली दोन माग, सकाळपासून खडखड. वर आजी, काकू आणि आई विड्या वळत बसतात. माझ्या वाटणीला गच्चीचा जिना. बारावीपर्यंत जिन्यात बसून अभ्यास केला. घरात तेलुगू, गल्लीत दखनी, कॉलेजात मराठी आणि पुस्तक इंग्रजीत, ते आणि वेगळंच.

मी काय केलं ते सांगतो, कुणाच्या कामी आलं तर. तास संपले की घरी जायचंच नाही. साडेपाचपर्यंत कॉलेजचं ग्रंथालय, नंतर रात्री नऊपर्यंत अभ्यासिका. महिन्याचे पैसे लागतात पण कॉटपेक्षा खूप कमी. अपडाऊनवाल्यांनाही हे जमेल. दुपारी मधे दोन-अडीच तास मोकळे असतात तेव्हा ते सात रस्ता चौकात चहाच्या गाड्यावर उभे दिसतात.


कॉटवरचा

आम्हीपण तिथंच असायचो बे.


बार्शीकडचा शेतकरी

निवृत्त सरांचं पटलं. अर्ज कसा लिहायचा ते पोराला सांगतो. पण खोलीचं नाही पटत अजून.

दुसरं विचारायचंय. थोरली मुलगी यंदा बीएला आहे. मुलींना फी माफ झाली असं गावात सगळे म्हणतात, पण कॉलेजात पावती फाडली. फसवलं का काय?


निवृत्त

फसवलं नाही. 2024 च्या जुलैमधला तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. प्रवेश कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवा, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. साध्या बीएला तो लागू नाही. पण तिच्या प्रवर्गाची दुसरी शिष्यवृत्ती असू शकते. सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर बघा, आणि पावती जपून ठेवा.


होटगी रोडवाला

कालचा ताजा वृत्तांत. मेहुण्याकडे जाऊन आलो. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊ घालून त्यानं मला गप्प केलं. ठरलं असं की पोरगं अपडाऊनच करणार, पण प्रॅक्टिकलच्या दोन दिवशी मुक्काम आमच्याकडे. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही. माझं मत बदललेलं नाही हे नमूद करतो. खोलीच बरी.


कॉटवरचा

काकूंना सांगा आधी. मग मताचं बघू.


अक्कलकोटचं नवं पोर

मामा, मीच तो. धागा सापडला. सोमवारी कॉलेज सुरू आहे. एसटी पासाला नुसतं आयकार्ड चालतं का बोनाफाईड (कॉलेजात शिकत असल्याचा दाखला) लागतं? आयकार्ड अजून मिळालं नाही.


मोहोळची

बोनाफाईड मागून घे, बाकी कामांनाही लागतं. आणि पासासाठी आधी डेपोत रांगेला उभा राहू नको. 2025 च्या जूनपासून एसटीनं पास कॉलेजातच द्यायचं सुरू केलंय, कॉलेजनं फक्त मुलांची यादी डेपोला पाठवायची. ऑफिसात जाऊन विचार यादी गेली का, आणि त्यात तुझं नाव आहे का. पहिल्या यादीत माझ्या धाकट्या भावाचं नव्हतं.