बाबांना बॉस्टनजवळ फोक मैफलीला न्यायचंय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आई-बाबा उन्हाळ्यात आमच्याकडे श्रूजबरीला (मॅसॅच्युसेट्स) येताहेत. एरवी नायगारा, न्यूयॉर्क, देऊळ आणि कॉस्टको एवढ्यात त्यांची अमेरिका आटोपते. या खेपेला मात्र बाबांनी फोनवर आपणहून विचारलं, "ती जोन बाएझ पहिल्यांदा गायची ती जागा आहे का रे अजून?" (बाएझ म्हणजे अमेरिकेतली नावाजलेली फोक, म्हणजे लोकसंगीताच्या वळणाची, गायिका.)

बाबा तरुणपणी सेवा दलाच्या कलापथकात होते. 'होंगे कामयाब' डफावर गात गावोगाव हिंडलेत. मूळ इंग्रजी गाणं, 'वी शॅल ओव्हरकम', बाएझनं १९६३च्या नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टन मोर्चात म्हटलं होतं, हे आम्हाला लहानपणापासून दर पंधरा ऑगस्टला ऐकवलं जातं.

शोधाशोध केली ती अशी. केंब्रिजमध्ये माउंट ऑबर्न स्ट्रीटवर १९५८ साली 'क्लब ४७' सुरू झाला, तो खरा जॅझसाठी. बाएझ तिथं गायला लागली तेव्हा जेमतेम सतरा-अठराची. १९६३ला क्लब हार्वर्ड स्क्वेअरमधल्या पामर स्ट्रीटवर गेला, १९६८ला बंद पडला आणि त्याच जागेत पुढे 'पासीम' उभं राहिलं. आजचा 'क्लब पासीम' तो हाच. नफ्यासाठी नसलेली संस्था चालवते. म्हणजे बाबांना हवी ती खोली नव्हेच ही, पण वंशज तरी आहे.

आता अडचणी. बाबांना आवडलेल्या ओळीला तिथल्या तिथं दाद द्यायची सवय. "क्या बात है" हे ते पुटपुटत नाहीत, चांगलं मोठ्यांदा म्हणतात. तिथं चालतं का? शब्द कळले नाहीत तर मी कानाशी अर्थ सांगू शकतो का? आणि हल्लीच्या गायकांपैकी आम्हाला एकही नाव ठाऊक नाही, मग तिकीट काढायचं कुणाचं?

– डफवाल्याचा लेक

तंबोरी:
आधी दादेचं. गाणं चालू असताना तिथं टाचणी पडली तरी ऐकू येते. जागा शंभर-सव्वाशे माणसांची, छत बुटकं, गायक चार हातांवर. लोक गाणं संपेपर्यंत गप्प आणि संपल्यावर कडकडून टाळ्या. आपल्याकडे गप्प बसलेला श्रोता म्हणजे रुसलेला, तिकडे उलटं. पण बाबांची हौस वाया जाणार नाही: दोन गाण्यांच्या मध्ये गायक गिटारची तार जुळवत, कॅपो (पट्टी बदलायला तारांवर लावायचा चिमटा) सरकवत गोष्टी सांगत असतो, तेव्हा हसायला, बोलायला मोकळीक असते. आणि बहुतेक जण एखाद्या तरी गाण्याचा कोरस सगळ्यांकडून म्हणवून घेतात. तिथं कलापथकाचा आवाज लावा म्हणावं!

कानाशी कुजबुज मात्र नको. शेजारच्या टेबलावरचा माणूस मान वळवून बघतो, बोलत काहीच नाही, आणि तेच जास्त लागतं.

डफवाल्याचा लेक:
मग अर्थ कसा कळणार त्यांना? इंग्रजी वाचतात उत्तम, पण गाण्यातले उच्चार त्यांच्या हाती लागत नाहीत.

गिटारवेडा_नॅशुआ:
आदल्या आठवड्यात त्या गायकाचा नवा अल्बम बँडकँपवर (गायक स्वतःची गाणी विकतात ती वेबसाइट) काढा, तिथं बरेचदा शब्दही दिलेले असतात. मोठ्या टायपात छापून बाबांना द्या. ऐन मैफलीत नको, घरी. या प्रकारात गाणं शब्दांवर उभं असतं. तीन-चार कॉर्ड्स, बाकी सगळी कथा. चालीत अडकलं की वाटतं सगळी गाणी सारखीच.

कुणाचं तिकीट? एकट्यानं गिटारवर गाणारा आणि स्वतः लिहिणारा बघा. पूर्ण बँड असेल तर खोली लहान असल्यानं वाद्यांत शब्द बुडतात. दोन-तीन गीतकार शेजारी बसून आळीपाळीनं आपापलं गाणं म्हणतात असेही कार्यक्रम असतात. नॅशव्हिलच्या 'ब्लूबर्ड कॅफे'नं ही पद्धत गाजवली. बाबांना ते सगळ्यात रुचेल असं मला वाटतं. आणि ओपन माइकच्या (कुणीही हौशी मंचावर येऊन गाऊ शकतो अशा) रात्री फुकटात अंदाज घेता येईल असं समजून जाऊ नका. एखादा हिरा असतो, पण त्याआधी बरंच सहन करावं लागतं.

नावाजलेल्यांची तिकिटं झपाट्यानं जातात, सभासदांना आधी मिळतात. टेबलावर खाणं-पिणं येतं, पण आईंना जेवूनच न्या.

तंबोरी:
गाडी हार्वर्ड स्क्वेअरला नेऊ नका, पार्किंगपायी संध्याकाळ जाते. एलवाइफ स्टेशनला लावा आणि तिथून रेड लाइन मेट्रो पकडा. पासीम रस्त्याच्या पातळीखाली आहे, गुडघ्यांचं काही असेल तर तिकीट काढतानाच कळवून ठेवा.

वेळ असेल तर न्यूयॉर्क राज्यात साराटोगा स्प्रिंग्जला 'कॅफे लेना' आहे, तीनेक तासांवर. लेना स्पेन्सरनं नवऱ्यासोबत १९६०ला सुरू केलं ते आजतागायत चालू आहे. कोवळा बॉब डिलन तिथं १९६१मध्ये गाऊन गेला. जागा आजही तीच, म्हणजे बाबांच्या कसोटीला पासीमपेक्षा हीच खरी उतरते.

डफवाल्याचा लेक:
हे भारीच! बाबांना आत्ताच कळवलं. लगेच उलट प्रश्न आला: कार्यक्रमानंतर गायकाला भेटता येतं का, आणि रिकाम्या हातानं जायचं का?

गिटारवेडा_नॅशुआ:
भेटता येतं. संपल्यावर बहुतेक जण दाराशी सीडींच्या टेबलामागे स्वतः उभे असतात. एक सीडी घ्या, सही घ्या. अशा फिरत्या गायकांचा पेट्रोलचा खर्च बरेचदा त्या टेबलावरच निघतो. रांग मोठी असेल तर दोन वाक्यांत आटपायला सांगा बाबांना. कलापथकाचा इतिहास रांग संपल्यावर.