फ्रेंच इमर्शन आठवीनंतर पुढे नेलंत का? अनुभव सांगा

कॅनडात मूल शाळेत जायच्या वयाचं झालं की आपल्या मंडळींत इमर्शनची, म्हणजे इतर विषयही फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांची, चर्चा जोरात असते. लॉटरी लागली का, बस मिळणार का, घरात कोणालाच फ्रेंच येत नाही तर अभ्यास कोण घेणार? आठवीपर्यंत मात्र ही चर्चा विरून जाते, आणि खरा निर्णय तेव्हाच घ्यायचा असतो. ऑन्टारिओत इमर्शनच्या मुलांचे आठवीअखेर किमान ३८०० तास फ्रेंचमधून शिकून झालेले असतात. पुढे नववी ते बारावीत दहा क्रेडिट्स (पूर्ण केलेल्या एका विषयाचं एक) फ्रेंचमधून घेतली, म्हणजे चार भाषेची आणि सहा इतर विषयांची, की प्रमाणपत्र मिळतं. पण पुष्कळ मुलं याच टप्प्यावर बाहेर पडतात.

माझी लेक यंदा आठवीत आहे. तिने पुढे जावं असं मला मनापासून वाटतं. इतकी वर्षं शिकलेली भाषा मोठ्यांच्या विषयांवर वाद घालण्याइतकी पक्की व्हायची तर ती हायस्कूलमध्येच होईल. ज्यांनी स्वतः बारावीपर्यंत केलंय, ज्यांच्या मुलांनी केलंय किंवा मध्येच सोडलंय, सगळ्यांनी लिहा.

ब्रॅम्प्टन, मुलगा आता इंजिनिअरिंगला

पहिलं काम हे करा: शाळेत जाऊन सहा क्रेडिट्स नेमकी कोणत्या विषयांची मिळतात ते विचारा. कागदावर यादी मोठी असते, प्रत्यक्षात शिक्षक असतील तेच वर्ग भरतात. आमच्याकडे भूगोल आणि इतिहास फ्रेंचमधून उत्तम झाले. वरच्या वर्गांचं गणित, भौतिकशास्त्र, रसायन मात्र इंग्रजीतच होतं. त्यामुळे विज्ञानाला जाणाऱ्या मुलांचं वेळापत्रक अकरावीत फार घट्ट होतं, नववी-दहावीतच जमेल तेवढी क्रेडिट्स उरकून घ्यावीत.

मार्कांची भीती घालणारे पुष्कळ भेटतील. बारावीचा फ्रेंचचा विद्यापीठ-स्तरावरचा विषय प्रवेशाच्या वरच्या सहा विषयांत धरला जातो, आणि इतकी वर्षं घालवलेल्या मुलाला तो जड जात नाही. महाराष्ट्रात आपण बारावीला मार्क मिळवून देणारा विषय म्हणून फ्रेंच घ्यायचो. इथे मुलगा त्याच भाषेत पहिल्या महायुद्धावर निबंध लिहीत होता. मला त्याचं फार अप्रूप वाटायचं.

कॅलगरी, दोन मुली

अल्बर्टात चित्र वेगळं आहे. आमच्या मुलींचं गणित आणि विज्ञान वरपर्यंत फ्रेंचमधूनच झालं. इथे बारावीच्या प्रांतिक डिप्लोमा परीक्षांचे पेपरही फ्रेंचमध्ये घेता येतात. तेव्हा ऑन्टारिओतल्या नातेवाइकांचा सल्ला इथे जसाच्या तसा लागू करू नका.

घरची भाषा बदलू नका, हे मात्र कळकळीने सांगते. मदत व्हावी म्हणून काही आईवडील घरात मोडकंतोडकं फ्रेंच सुरू करतात. आम्ही घरात मराठीच ठेवली. मुली आजोबांना शिवाजी महाराजांवरचे प्रश्न मराठीत विचारायच्या आणि शाळेत त्यावर फ्रेंचमध्ये बोलायच्या.

कॉक्विटलम, ब्रिटिश कोलंबिया

आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मुलगा पाचवीत होता, म्हणजे पहिलीच्या इमर्शनची गाडी चुकलेली. पण इथे सहावीपासून 'लेट इमर्शन' असतं, आणि नव्याने आलेल्या मुलासाठी ते फार चांगलं. इंग्रजी वर्गात तो उच्चारामुळे गप्प बसायचा. फ्रेंचच्या वर्गात सगळ्यांचीच सुरुवात शून्यापासून होती, तिथे त्याला कंठ फुटला. पहिलं वर्ष कष्टाचं होतं, खोटं सांगणार नाही. बारावीला त्याच्या हातात इंग्रजी आणि फ्रेंच अशी दोन्ही पदवीपत्रं पडली.

वॉटर्लू

आम्ही नववीत सोडलं. मुलीला डिस्लेक्सिया आहे, आणि वाचनासाठी लागणारी खास मदत शाळेत फ्रेंचमधून उपलब्ध नव्हती. सोडल्यावर ती मोकळी झाली. त्याची खंत कोणीही बाळगू नये.

मॉन्ट्रियल

आमचं इमर्शन नव्हे. १९७७ च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्या बहुतेक मुलांना क्वेबेकमध्ये फ्रेंच शाळेतच जावं लागतं. आधी 'क्लास दाक्युई', म्हणजे नवागतांचा वर्ग, मग नेहमीचा. गंमत म्हणजे इमर्शनचा जन्म इथलाच: नदीपलीकडच्या सां-लांबेरमध्ये १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी हट्ट धरून पहिला वर्ग सुरू करवला.

माझा मुलगा आणि टोरोंटोचा भाचा दोघंही फ्रेंच बोलतात, पण फरक लगेच कळतो. भाच्याचं व्याकरण नीटस आहे. मात्र तो शिक्षकांशी बोलावं तसाच सगळ्यांशी बोलतो, कारण मधल्या सुट्टीत त्याची शाळा इंग्रजीत खेळते. चेष्टामस्करी, भांडण, लाडीगोडी हे वर्गात मिळत नाही. हायस्कूलच्या वर्षांत मुलांना एखादा उन्हाळा फ्रेंच वस्तीत घालवू द्या.

ओटावा, स्वतः बारावीपर्यंत इमर्शन

मॉन्ट्रियलच्या काकांशी शंभर टक्के सहमत. मला हे 'एक्सप्लोर'मध्ये कळलं. केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीवर होणारा उन्हाळी अभ्यासक्रम आहे तो. मी नोव्हा स्कोशियातल्या चर्च पॉइंटला, सेंत-आन विद्यापीठात गेले होते. आजूबाजूला अकेडियन, म्हणजे तिथल्या जुन्या फ्रेंचभाषक लोकांची वस्ती, आणि जेवणाच्या रांगेतसुद्धा इंग्रजीला बंदी. शाळेत कधी न ऐकलेलं फ्रेंच तिथे कानावर पडलं, आणि चुकलं तरी बोलत राहायची सवय लागली.

पुढे ओटावा विद्यापीठाच्या इमर्शन शाखेतून पदवी घेतली. आता केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. इथे द्विभाषिक पदांसाठी वाचन, लेखन आणि संभाषण यांची वेगवेगळी चाचणी होते, ए, बी, सी अशा पातळ्यांवर. वाचन मला सोपं गेलं. संभाषणात कठीण निर्णयाची बाजू मांडायला सांगतात, तिथे मला अकरावी-बारावीतल्या वर्गांतले वादविवाद कामी आले. आठवीत सोडलं असतं तर ती पातळी मला गाठता आली नसती.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ओटावाच्या ताई, बारावीत 'डेल्फ' ही फ्रेंच भाषेची परीक्षा द्यावी का?

ओटावा

नक्की द्यावी, बी२ पातळीची. ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, जगभर ओळखलं जातं. फक्त भारतातून कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणाऱ्या नातेवाइकांना ते सुचवू नका. त्यांना फ्रेंच येतं हे दाखवायचं तर 'टेफ कॅनडा' किंवा 'टीसीएफ कॅनडा' ही चाचणी द्यावी लागते. बऱ्याच शाळा मंडळांत डेल्फची नोंदणी शाळेमार्फतच होते, तेव्हा बारावीच्या सुरुवातीलाच विचारून ठेवा.