वारा बंद, भरती-ओहोटी बंद, तरी मॉडेलात प्रवाह कुठून येतोय?

गपगार_पाणी:
मंडळी, रॉम्सवर (समुद्राचे प्रवाह काढणारं संगणक मॉडेल, ROMS) किनाऱ्यालगतचं मॉडेल उभं करतोय, ग्रिड १ किमी, उभे थर ३०. फोरकास्टच्या भानगडीत पडायच्या आधी म्हटलं साधी टेस्ट करू, म्हणून वारा शून्य, भरती-ओहोटी नाही, चारही बाजू बंद, तापमान आणि क्षारता फक्त खोलीप्रमाणे बदलणारी, आडवी सगळीकडे सारखीच. पाणी ढिम्म बसायला हवं ना? तर दहा दिवसांनी शेल्फच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ तळाच्या) कडेने सेकंदाला १५ सेंमीचा प्रवाह, आणि दिसतोय पण एकदम खराखुरा! इनपुट फाइल तीनदा तपासली, डोकं चालेना.

सिग्मावाला:
फाइल ठीक असणार, हा सिग्मा थरांचा जुना रोग आहे. थर तळाला धरून खालीवर होतात, त्यामुळे उतारावर शेजारच्या दोन खान्यांत तोच थर वेगळ्या खोलीवर असतो. मग दाबाचा आडवा फरक काढताना दोन मोठे आकडे एकमेकांतून वजा होतात, उरायला हवं शून्य पण थोडं उरतंच, आणि तेच पाण्याला ढकलत बसतं. शेजारच्या खोल्यांचा फरक भागिले बेरीज करून बघ. १०० मीटरशेजारी ३०० असेल तर ०.५ येतं, साधारण ०.२ च्या आत ठेवतात. तळ स्मूद कर.

ओहोटी:
स्मूद कर पण सरसकट नको रे! प्रवाह खोलीच्या रेषा धरून वाहतो, कडा सरकला की खरा प्रवाहही चुकीच्या जागी जाणार, शिवाय तळावरच्या घळी बुजतात आणि खालचं थंड पाणी तर बऱ्याचदा तिथूनच वर येतं. ज्या खान्यांत तो आकडा ०.२ च्या वर जातोय तेवढेच धर. आणि ग्रिडच्या कोपऱ्यात ४००० मीटर खोली घेतली आहेस का? तिथे लाट सेकंदाला जवळपास २०० मीटर धावते, म्हणजे १ किमीचा खाना ५ सेकंदांत पार. सगळ्या ग्रिडचा छोटा टाइमस्टेप, म्हणजे अशा लाटांसाठी मॉडेल वेळेत टाकतं ते बारकं पाऊल, त्या एका कोपऱ्यापायी खाली येतो.

गपगार_पाणी:
०.४६ निघालं 😅 तेवढेच खाने स्मूद केले, आता २ सेंमीवर आलंय. खोल कोपराही कापला. वारा लावू का आता?

सिग्मावाला:
लाव, पण आधी ते २ सेंमी नेमके कुठे आहेत ते बघ. खरा प्रवाह ४० सेंमीचा असेल तिथे चालून जाईल, ५ च्या जागी असतील तर तिथलं फोरकास्ट कुणाला देऊ नकोस.