मदत हवी आहे: न्यूझीलंडचे विमान तिकीट स्वस्तात कसे मिळवावे?

नमस्कार. आई-वडिलांना घेऊन न्यूझीलंडला सुट्टीसाठी जाण्याचे ठरत असून, विमानभाडे आवाक्यात बसवण्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. तेथे डिसेंबर ते फेब्रुवारी हा उन्हाळ्याचा आणि गर्दीचा काळ असल्याने आम्ही मार्चअखेरीचा विचार करत आहोत. तारखा मागेपुढे करण्याची तयारी आहे आणि गूगल फ्लाइट्सवर दरबदलाची सूचनाही लावून ठेवली आहे.

खरी अडचण मध्ये विमान बदलण्याची आहे. सिडनीपर्यंत एक आणि तेथून ऑकलंडला दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे एकत्रित तिकिटापेक्षा बरीच स्वस्त दिसतात. परंतु तसे केल्यास सामान बहुधा सिडनीला ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावे लागते, त्यासाठी ऑस्ट्रेलियाचा व्हिसा लागू शकतो आणि पहिल्या विमानाला उशीर होऊन दुसरे चुकले, तर नवे तिकीट सहसा स्वतःच्याच खिशातून काढावे लागते. आईसाठी व्हीलचेअर लागणार असल्याने ही धावपळ मला अधिकच काळजीची वाटते.

असा प्रवास कोणी केला असल्यास दोन विमानांमध्ये किती तास ठेवले होते? सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे एकाच तिकिटावर जाणे कितपत परवडते? शिवाय ऑकलंडला उतरून परतीचा प्रवास क्राइस्टचर्चहून केला, तर मागे फिरण्याचा खर्च वाचेल. असे तिकीट 'मल्टी-सिटी' पर्यायातून काढावे की दोन एकेरी तिकिटे घ्यावीत, हेही कृपया सांगावे.