बॉक्सिंगमध्ये नवशिक्या पोरांना स्पारिंगला (समोरासमोरच्या सराव-लढतीला) कधी उतरवायचं?

डावखुरा: भाचा चौदा वर्षांचा. बॉक्सिंगचा तिसराच आठवडा, आणि सरांनी दुसऱ्या नव्या पोरासमोर उभा केला. "खेळा मोकळं!" दोघंही डोळे मिटून हात झाडत होते. अर्ध्या मिनिटात याचं नाक फुटलं. नाक बरं झालं, पण आता समोरचा हात नुसता हलला तरी मान फिरवतो. माझं मत, पहिले तीन महिने स्टान्स (उभं राहायची ढब), फूटवर्क, शॅडो (हवेत ठोसे), बॅग, पॅड (कोचच्या हातातल्या गादीवर ठोसे). स्पारिंग नकोच.

तिसरा राउंड: साफ असहमत. बॅग उलटी मारत नाही हो! तीन महिने बॅग बडवलेला पोरगा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून हात खाली टाकायला शिकतो, कारण त्याची शिक्षा कधी मिळालेलीच नसते. पंचाची भीती पंच खाऊनच जाते. आणि हेडगार्ड असतो की.

डावखुरा: हेडगार्डने भुवई फाटायची वाचते. मेंदू आत हलायचा तो हलतोच. 2013 मध्ये पुरुषांच्या एलिट (वरच्या पातळीच्या) लढतींतून हेडगार्डच काढून टाकला, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष उघड्या डोक्याने खेळले.

तिसरा राउंड: हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय, हेडगार्डशिवायही खेळतातच की :)

डावखुरा: ती मुरलेली माणसं. माझा भाचा तीन आठवड्यांचा.

तांबडी माती: मी कुस्तीतला, तरी बोलतो. तालमीत वस्ताद नव्याला नव्याशी सहसा लावत नाही. मुरलेल्या पैलवानाच्या हाती देतो. तो त्याला खेळवतो, मुद्दाम एखादा डाव लागू देतो. दोन कच्चे एकमेकांना भिडले की मोडतोड ठरलेली. भाच्याचा आठवडा नाही चुकला, जोड चुकली.

तिसरा राउंड: हे मान्य. आम्ही पंधरा दिवसांतच सुरू करतो, पण एकाने फक्त जॅब मारायचा, दुसऱ्याने फक्त अडवायचा. दोन मिनिटांनी अदलाबदल. नंतर खांद्याला टपली मारायचा खेळ, त्यात पाय आपोआप हलतात. ग्लोव्हज 16 औंसाचे, म्हणजे जाड गादीचे, माउथगार्ड नसेल तर रिंगच्या बाहेर.

डावखुरा: मग हे ड्रिल झालं. ड्रिलला मी कुठे नाही म्हटलं?

तिसरा राउंड: समोर माणूस आहे आणि तो मारतोय, याला मी स्पारिंगच म्हणतो.

लेकीची आई: नावं काहीही द्या. आमच्या क्लासला चाळीस पोरं आणि 16 औंसाच्या दोन जोड्या. सीनियरना स्वतःच्या स्पर्धेचं पडलेलं, नव्यांना खेळवणार कोण? परवा लेक म्हणाली डोकं दुखतंय, तर "नाटकं करू नकोस".

तांबडी माती: ताई, मार लागून डोकं दुखलं तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टर. ते "बरी आहे" म्हणेपर्यंत रिंग नाही. डोक्याला मार लागून नॉकआउट झालेल्या बॉक्सरला स्पर्धेच्या नियमानेच किमान 30 दिवस बाहेर बसवतात.

तिसरा राउंड: यावर वाद नाही. असं बोलणारा कोच बदला.

डावखुरा: भाचा काल पुन्हा गेला. एका सीनियर मुलीने दोन राउंड नुसता जॅब खेळवला, तोही हळू. मान फिरवली नाही. डोळे अजून मिटतोय.