मदत हवी आहे: भावाच्या कंबरदुखीसाठी फिजिओथेरपीचा खर्च खरंच वसूल होतो का?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) आहे. दिवसभर वाकून साचे उचलायचे. गेले काही महिने कंबर धरतेय, सकाळी मोजे घालायलाही वहिनी लागते. पाय बधिर होणं, लघवीचा त्रास असं काही नाही, डॉक्टरांनी तपासलंय.

एका खाजगी ठिकाणी शेक, ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देणं) आणि कमरेचा पट्टा असं पॅकेज सांगितलं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामावर भर आहे. ट्रॅक्शन, अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार), पट्टा सरसकट वापरू नका असं म्हटलंय. मग पैसे नेमके कशाला द्यायचे? व्यायाम नीट शिकवणारा, मधूनमधून तपासणारा कुणी भेटला तर कमी फेऱ्यांत भागेल असं मला वाटतं. फीपेक्षा जास्त टोचतो तो बुडालेला रोज, तेव्हा संध्याकाळी उशिरा वेळ देणारे हवेत.

त्याचं ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापलं जातं (महिन्याचा पगार 21,000 च्या आत). आजारपणाच्या रजेत 70 टक्के पगार वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतो म्हणतात, पण सुपरवायझर रजेचं नाव काढू देत नाही.

सांगली-मिरजेत ईएसआयवर फिजिओथेरपी कुणी घेतली आहे का? मिरजेच्या सिव्हिलमध्ये त्या विभागाचा अनुभव कसा? आणि फाउंड्रीतल्या कुणाचं दुखणं कामाची पद्धत बदलून थांबलं असेल, तर काय बदललं ते जरूर लिहा. घरात कमावता तो एकटाच आहे.