विरागो ११००: गरम झाल्यावर सेल्फ अर्ध्यात मान टाकतो, बॅटरी तर नवी आहे

खाडीकाठ_ट्विन, रत्नागिरी:
मंडळी, माझ्याकडे यामाहा विरागो ११०० आहे, मामा मस्कतहून परत आले तेव्हा त्यांनी आणलेली. सकाळी थंड असताना चोक ओढून सेल्फ मारला की चालू. पण आरे-वारेवरून गणपतीपुळ्याला जाऊन चहाला थांबलो आणि परत बटण दाबलं की इंजिन अर्धा फेरा फिरतं, कॉम्प्रेशनला अडकतं आणि मग नुसतं टक्. चांगली गार होऊ दिली तर परत घेते. या गाडीला किक नाही आणि दोनशे किलोच्या वरची गाडी आपल्या घाटीच्या रस्त्यावर एकट्याने ढकलून स्टार्ट करणं म्हणजे जिवावरचं काम.

बॅटरी नवी टाकली, काही फरक नाही. एक मेकॅनिक म्हणतो सेल्फ मोटर गेली, नवीनच मागवा. दुसरा म्हणतो लिथियम बॅटरी बसवा. दोन्ही खर्च मोठे आहेत. गाडी विकायची नाही, मामांची आठवण आहे ती, पण पैसे घालायच्या आधी नक्की काय तपासू ते सांगा.

मिरकरवाडा_वायरमन:
दादा अजून काहीही विकत घेऊ नका, आधी मीटर लावा. मी बंदरात ट्रॉलरची वायरिंग करतो, तिथे सेल्फ घेत नाही म्हणून बोलावतात तेव्हा बऱ्याच वेळा मोटर आणि बॅटरी दोन्ही धडधाकट असतात, व्होल्टेज मधल्या जोडांनी खाल्लेलं असतं. खारी हवा थिंबलच्या (केबलच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कानाच्या) तोंडातून केबलच्या आत शिरते, वरून रबर एकदम छान दिसतं आणि आतल्या तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या असतात.

गाडी गरम असताना मल्टिमीटर डीसी २० व्होल्टला ठेवा आणि बटण दाबलेलं असतानाच आकडा बघा. एरवी बघून उपयोग नाही, कारण करंट वाहत नसेल तर सडका जोडसुद्धा १२.६ दाखवतो. आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर बघा. मग लाल टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, थिंबलवर नाही बरं का, प्रत्यक्ष खांबावर, आणि काळं टोक सेल्फ मोटरच्या मोठ्या बोल्टवर, हे अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. मग बॅटरीचा मायनस खांब ते मोटरची बॉडी, जागा घासून चकचकीत करून, इथे पाव व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगमध्ये घोटाळा आहे. एका वेळी चार-पाच सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये गार होऊ द्या. आणि प्लगच्या कॅप काढून टेस्ट करणार असाल तर कॅपमध्ये जुने प्लग खोचून ते इंजिनाला टेकवून ठेवा, उघड्या कॅपमुळे इग्निशनचा बॉक्स जाऊ शकतो. आकडे इथे टाका.

मालवण_शोव्हेलहेड:
वायरमनदादा बोलले ते बरोबर. फक्त गरमच असताना का होतं ते सांगतो, कारण यातच लोक फसतात आणि मोटर बदलून बसतात. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो. इंजिनाच्या आचेने मोटर ५० डिग्रीने जास्त तापली की वायंडिंगचा रेझिस्टन्स पाचव्या हिश्श्याने वाढला. म्हणजे सकाळी जेमतेम भागत होतं ते दुपारी भागत नाही.

आणि मोठ्या व्ही-ट्विनला, म्हणजे व्ही आकारात दोन सिलिंडर असलेल्या इंजिनाला, जेमतेम चालतच नाही हो. तुमचा व्ही ७५ अंशांचा, दोन्ही पिस्टनचे रॉड क्रँकच्या एकाच पिनवर, त्यामुळे एका स्पार्कनंतर दुसरा २८५ अंशांनी येतो आणि त्याच्यानंतरचा ४३५ अंशांनी. माझ्या ४५ अंशांच्या हार्लेत ते ३१५ आणि ४०५ होतं. दोन कॉम्प्रेशन लागोपाठ आणि मग मोकळी जागा, त्यात प्रत्येक सिलिंडर पाचशे सीसीच्या वर. मोकळ्या जागेत मोटरला वेग मिळाला तरच ती पुढचं कॉम्प्रेशन ओलांडते. हार्लेने १९६५ ला इलेक्ट्रा ग्लाइडला सेल्फ दिला तेव्हा ६ व्होल्ट सोडून १२ व्होल्टची सिस्टीम दिली, ती याचसाठी. तेवढीच ताकद ६ व्होल्टवर काढायची तर करंट दुप्पट लागतो आणि त्याच केबलमध्ये फुकट जाणारी पॉवर चौपट होते.

तोपर्यंत कुठे अडकलात तर चावी बंद ठेवून टॉप गिअर टाका, गाडी हळूहळू पुढे ढकला, कॉम्प्रेशन जाणवून पार झालं की न्यूट्रल करा आणि मग सेल्फ मारा. मोटरला पळायला जागा मिळते.

खाडीकाठ_ट्विन, रत्नागिरी:
आज पावसला जाऊन आलो आणि गरम असतानाच मोजलं. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.९, प्लसच्या बाजूला ०.४, आणि मायनस ते मोटर बॉडी १.९!! म्हणजे मोटरला ८.६ च मिळतायत का?

मिरकरवाडा_वायरमन:
हो, ८.६ च. तुमची बॅटरी चांगली आहे, १०.९ म्हणजे उत्तम. प्लसची बाजू आणि रिलेही ठीक. सगळा गोंधळ अर्थिंगचा. १०० अँपिअर धरले तरी १९० वॅट नुसते त्या जोडांत जळतायत, बटण सोडल्या सोडल्या जोडाला हात लावून बघा, गरम लागेल.

आता मायनसची केबल पूर्ण बदला, जुनी घासून परत लावू नका. आपल्या इथे बोटींसाठी कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची केबल मिळते, तीच घ्या, २५ स्क्वेअर एमएम. थिंबल हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या, हातोडीने चेपलेली चालणार नाही, आणि वर गोंदवाली हीट श्रिंक नळी. केबल फ्रेमला न देता थेट इंजिनाच्या केसिंगवर, मोटरच्या जितकी जवळ देता येईल तितकी. तिथला रंग आणि ती पांढरी पावडर पूर्ण घासायची, ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट आणि वर खारं वारं, ती पावडर येणारच. मोटर जिथे केसिंगवर बसते ती जागाही सोडवून साफ करा, करंट तिथूनच परत येतो. घट्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. पावसाळी बंदीत ट्रॉलर किनाऱ्याला लागतात तेव्हा आम्ही सगळ्या अर्थिंग सोडवून घासतो, तुम्हीही दरवर्षी गणपतीच्या आधी एकदा करत जा.

चिपळूण_वायंडिंग:
मोटर सोडवणारच आहात तर उघडून बघा, नवीन मागवायची घाई नको. कार्बन (ब्रश) किती उरलेत आणि त्यांची स्प्रिंग कडक आहे का, कम्युटेटरवर (ते कार्बन जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर) काळी झिलई आहे का. कम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि पट्ट्यांमधला मायका वर आला असेल तर तो खाली कोरून घ्या. टोकाचे बुश झिजले की आर्मेचर (मोटरच्या आत फिरणारा भाग) एका बाजूला ओढलं जाऊन आत घासतं आणि गरम झाल्यावर ते जास्त जाणवतं, आर्मेचरवर घासल्याची चमक दिसेल. नवीन पितळी बुश बसवायच्या आधी रात्रभर तेलात भिजवा. ज्यांच्याकडे १९८१ ते ८३ च्या विरागो आहेत त्यांचं दुखणं वेगळं, त्यात सेल्फचा गिअर नीट न बसता घर्र आवाज येतो, त्या गिअरची क्लिप कडक करावी लागते, आणि दोन कार्बनच्या मोटरच्या जागी पुढच्या मॉडेलची चार कार्बनची घालतात. यांच्याकडे आवाज नुसता टक् आहे, तेव्हा तिकडे जायला नको.

वेंगुर्ला_गुझ्झी:
माझ्या मोटो गुझ्झीत सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) मोटरवरच आहे, त्याचा करंट चावीतून फिरून यायचा आणि चावीच्या जुन्या पॉइंटांत मरायचा. बॅटरीवरून फ्यूज घालून एक साधा रिले दिला, तेव्हापासून एकदाही दगा नाही. गुझ्झीवाल्यांनी बॅटरी बदलायच्या आधी हे करा. विरागोत मोठा रिले वेगळा असतो त्यामुळे तो प्रश्न कमी.

लिथियमबद्दल सांगतो, आत्ता नकोच. या गाड्यांचे जुने रेग्युलेटर कधी कधी १५ च्या वर चार्जिंग देतात, साधी बॅटरी पाणी उडवून दिवस काढते पण लिथियम त्यात मरते. अर्थिंग झाली की गाडी चालू करून ३००० आरपीएमला बॅटरीवर मोजा, १४ ते १४.५ यायला हवं. आणि सेल्फ मारताना इंजिन उलटा झटका देतं का तेही बघून सांगा, देत असेल तर टायमिंग पुढे गेलेलं असतं आणि त्यात सेल्फचे गिअर तुटतात.